ऊब हवी, पण मोजून!

बंबातले पाणी किती तापले, शेगडी किती धगधगते आहे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या हाताने आणि डोळ्यांनी ओळखत आलो. या ओळखण्यात चूक कुठे होते, आणि जे हाताला, डोळ्याला किंवा नाकाला कधीच कळत नाही ते काय, याविषयी हा लेख.

डिसेंबर अर्ध्यावर आला की जबलपूरचा पारा झपाझप उतरू लागतो. जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी ९-१० अंशांवर येते आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली की आणखी खाली घसरते. अशा दिवसांत जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यासारख्या वस्तीत पहाटे फिरले, तर घरोघरी गॅस पोचून कितीतरी वर्षे झाली असली तरी लाकडाच्या धुराचा वास अजून येतोच. कुठे अंगणात बंब पेटलेला असतो. कुठे मातीची गोरसी पुढ्यात घेऊन म्हातारी माणसे ओट्यावर हात शेकत बसलेली असतात. आणि काही घरांत लोखंडी शेगडी संध्याकाळी अंगणात पेटवून, ती चांगली फुलली की रात्री खोलीत आणण्याचा रिवाज अजून आहे.

या मुलखावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे रेल्वे आली, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, सरकारी कचेऱ्या वाढल्या आणि मराठी कुटुंबे इथे येऊन स्थिरावत गेली. पाटा-वरवंटा, पुरणाचे यंत्र, घंगाळ आणि तांब्याचा बंब या वस्तू मराठी माणूस जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर गेल्या. गोरसी मात्र इथल्या मातीची. म्हणजे न्हाणीघरात महाराष्ट्राचा विस्तव आणि ओट्यावर महाकोशलचा, असा हा संसार.

दोन्ही विस्तवांशी आपली जन्माची ओळख. म्हणूनच त्यांच्याविषयी आपण जरा जास्तच निर्धास्त असतो. खरे तर दोघांचे धोके अगदी वेगळे आहेत. बंबाचा धोका उष्णतेचा. ती मोजता येते, आणि मोजली की निम्मे काम होते. शेगडीचा मोठा धोका उष्णतेचा नाहीच. तिथे थर्मामीटरही उपयोगाचा नाही आणि अनुभवही. ही दोन गणिते एकमेकांत मिसळली की घात होतो.

आधी विसण, मग कडकडीत

‘सूनबाई, पाणी निघालं का गं?’ या प्रश्नाला बंबाच्या घरात एक ठरलेले उत्तर असते. बंबाच्या पोटाला हात लावायचा. चटका बसला की पाणी निघाले. पण चटका ५० अंशांनाही बसतो आणि ९० अंशांनाही. माणसाच्या कातडीला साधारण ४३ ते ४५ अंशांपासूनच उष्णतेची वेदना जाणवू लागते. त्यापुढे हात फक्त ‘फार गरम’ एवढेच सांगतो. किती, ते सांगत नाही.

आणि नेमका तो ‘किती’च महत्त्वाचा. ४९ अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या अंगावर सतत राहिले, तर खोल भाजायला काही मिनिटे लागतात. ५५ अंशांना साधारण अर्धे मिनिट पुरते. ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद, आणि सत्तरीच्या जवळ पोचलेल्या पाण्याला एकच सेकंद. बंबातले पाणी रोज ७०-८० अंशांच्या पुढे जाते. लहान मुलाची कातडी पातळ असल्यामुळे त्याच्या बाबतीत हे आकडे आणखी कमी धरायचे. पाय घसरून घंगाळात बसलेल्या मुलाला ओढून काढायला आईला लागणारा वेळ पाच सेकंदांपेक्षा जास्तच असतो.

आपल्या भाषेत विसण हा फार नेमका शब्द आहे. कढत पाण्यात गार पाणी घालून ते सोसेल असे करणे म्हणजे विसण घालणे. फक्त क्रम उलटा करायचा. बादलीत किंवा घंगाळात आधी गार पाणी, मग वरून कढत. म्हणजे भांड्यात एक क्षणही नुसते कढत पाणी उभे राहत नाही. प्रमाणाचा हिशेबही सोपा आहे. नळाचे पाणी थंडीत १८ अंश आणि बंबाचे ८५ अंश धरले, तर दोन तांबे गार आणि एक तांब्या कढत मिळून ४० अंशांच्या आसपासचे पाणी होते. मोठ्यांच्या अंघोळीला ते पुरेसे गरम आहे. तान्ह्या बाळासाठी ३७-३८ अंश पुरे. तिथे आजीचा कोपर बुडवून पाहण्याचा जुना मार्ग अगदी रास्त. कामाने राठ झालेल्या तळव्यापेक्षा कोपराची कातडी अधिक खरे बोलते.

घरात मधुमेही माणूस असेल, तर मात्र त्याच्या पायावर विश्वास ठेवू नये. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. ‘जरा गरम पाण्यात पाय सोडून बसतो’ म्हणणाऱ्या आजोबांना फोड आल्यावर कळते की पाणी पोळत होते. अशा घरात पाय बुडवण्याआधी दुसऱ्या कोणी तरी पाणी पाहावे, किंवा सरळ थर्मामीटरने मोजावे.

थर्मामीटर कोणता?

इथे बऱ्याच घरांत गफलत होते. तापाचा थर्मामीटर ४२-४३ अंशांपर्यंतच मोजतो. पाऱ्याचा जुना थर्मामीटर कढत पाण्यात घातला तर फुटतो आणि पारा न्हाणीघरात पसरतो, ही आणखी एक पीडा. २०२० च्या साथीत कपाळासमोर धरायची जी बंदूक घरोघरी आली, तीही माणसाच्या तापापुरतीच. बंबासमोर धरली की ती नुसती चूक दाखवते. पाण्यासाठी स्वयंपाकघरात दुधा-पाकाला वापरतात तो लांब सळईचा थर्मामीटर घ्यावा. बादली ढवळून, मध्यभागी बुडवून वाचावा. पाणी वर तापते आणि खाली गार राहते, हे न ढवळता मोजणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

कारागिरांकडे असते तशी जास्त तापमानाची इन्फ्रारेड बंदूक कोणी हौसेने आणलीच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या तांब्यावर ती हमखास फसते. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्या भिंतीचीच परत पाठवतो. त्यामुळे ८० अंशांचा बंब तिला चाळिशीच्या आतला वाटू शकतो. बंबाच्या अंगावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्यावा आणि तिथेच मोजावे. (सासूबाईंची परवानगी आधी घ्यावी. घासलेल्या बंबावर काळा ठिपका हा विषय नाजूक असतो.)

आणखी एक बारकावा. जबलपूर समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या थोडे वर आहे, म्हणून इथे पाणी १०० अंशांना नव्हे, तर साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळते. थर्मामीटर खरा आहे का हे उकळत्या पाण्यात तपासताना हा दीड अंश धरावा, उगाच दुकानदाराशी भांडू नये.

रिकामा बंब, बंद बंब

बंबाची रचना मोठी हुशारीची आहे. मधोमध नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, आणि नळीभोवती पाणी. पाणी आत आहे तोवर तांब्याला बाहेरून कितीही आच लागो, पाण्याकडची बाजू उकळबिंदूच्या फार वर जात नाही, कारण पाणी सगळी उष्णता ओढून घेते. पाणी संपले की हा पहारेकरीच गेला. साध्या कथील-शिशाच्या डाखाचे सांधे १८३ अंशांपासून मऊ पडू लागतात, आणि लाकडाच्या जाळाला तेवढे तापवायला फारसा वेळ लागत नाही. ‘बंबाचा डाख सुटला’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘बंब कोरडा पेटला’ असाच असतो.

ज्या बंबाची तोटी वरच्या अंगाला असते, त्यात नरसाळ्यातून गार पाणी ओतले तरच तेवढे गरम पाणी बाहेर येते. तो सहसा रिकामा होत नाही. तोटी तळाशी असेल, तर शेवटचा अंघोळ करणारा सगळे पाणी काढून मोकळा होतो आणि खाली निखारे तसेच असतात. तिथे घरातला नियम हवा, की जो पाणी काढील त्याने भरून ठेवावे. बंब कोरडा तापलेला आढळला, तर घाईने पाणी ओतू नये. एका लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा घेते आणि ती नरसाळ्यातून ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. निखारे चिमट्याने काढावेत आणि बंब आपोआप निवू द्यावा.

याच कारणासाठी नरसाळ्याचे तोंड बोळा कोंबून किंवा घट्ट बूच मारून कधी बंद करू नये. काजळी पडते म्हणून असे करणारी घरे आहेत. वाफेला वाट नसलेला बंब हा बंब राहत नाही, बॉयलर होतो. तोही सुरक्षा-झडप नसलेला. काजळीसाठी सैल झाकण पुरते. आणि डाखात शिसे असू शकते, म्हणून बंबातले पाणी अंघोळीलाच ठेवावे, चहाला किंवा भाताला घेऊ नये.

जळण किती लागते? २० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला ९०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो चांगल्या वाळलेल्या लाकडात तिच्या सुमारे चौपट उष्णता असते, पण तीन हिस्से धुराबरोबर आणि बंबाच्या अंगातून निघून जातात. म्हणजे हिशेब किलोभर लाकडाचा. याहून खूप जास्त लागत असेल, तर एक तर लाकूड ओले आहे, नाही तर आपण गरजेपेक्षा कढत पाणी करतो आहोत. वखारीतून नुकत्याच आलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणीच असू शकते. ते आधी उकळून जाणार, मग लाकूड पेटणार. पावसाळ्याआधी फोडून, रचून, वरून झाकून ठेवलेले लाकूड दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक वाजते. ओले लाकूड बद्द वाजते.

नळीचा पारा

बंबाला धूर जायला नळी असते, तशीच नळी हिमाचल-काश्मीरकडच्या बुखारीला असते, आणि अमेरिका-कॅनडात जाऊन राहिलेल्या आपल्या मुलांच्या घरातल्या लाकडाच्या स्टोव्हलाही. तिकडे हा स्टोव्ह खोली तापवायला रात्रभर जळतो, म्हणून तापमानावर लक्ष ठेवण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. एकेरी पत्र्याच्या नळीवर लोहचुंबकाने चिकटणारी एक छोटी तबकडी बसवतात. तिच्यावर तीन पट्टे असतात. नळीचा पत्रा साधारण ११० अंशांच्या खाली असेल तर विस्तव फार मंद, ११० ते २४५ ठीक, आणि त्यावर गेला तर फार कडक.

कडक विस्तवाची भीती समजते. मंद विस्तवाची का? कारण गार नळीत धूर गोठतो आणि डांबरासारखा चिकट थर आतून बसत जातो. मग एखाद्या रात्री विस्तव भडकला की तो थरच पेट घेतो. नळीतली ही आग हजार अंशांपर्यंत जाऊ शकते आणि छताला लागते. म्हणजे ‘रात्री हवा कमी करून विस्तव मंद ठेवला, आता निश्चिंत झोपू’ हा विचार नळीच्या स्टोव्हलाही चालत नाही. परदेशी मुलाकडे थंडीत जाणाऱ्या आई-वडिलांनी ही तबकडी वाचायला शिकून घ्यावे. आणि स्टोव्हपासून चारी बाजूंना तीन फुटांच्या आत शाल, पडदा किंवा वाळत घातलेले लुगडे येऊ देऊ नये.

नळी तुंबली तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचे आहे. सप्टेंबर १९०२ च्या अखेरीस ते पत्नीसह पॅरिसच्या घरी परतले. गारठा होता, म्हणून शयनगृहात विस्तव पेटवला होता आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. धुरांडे तुंबलेले होते. २९ सप्टेंबरच्या सकाळी झोला मृतावस्थेत आढळले, पत्नी वाचल्या. खोलीत आग लागली नव्हती. कोणी भाजले नव्हते.

आता आपली शेगडी पाहा. तिला तर तुंबायला धुरांडेच नाही.

धूर गेला, म्हणजे धोका गेला?

शेगडी पेटवण्याची आपली रीत अशी. आधी अंगणात ठेवायची, फुंकणीने फुंकायची, धूर जाऊ द्यायचा, निखारे लालबुंद झाले की ‘आता धूर नाही’ म्हणून आत आणायची. ही रीत शहाणपणाची वाटते, कारण डोळे चुरचुरत नाहीत. पण विषारी वायू फक्त धुरात नसतो, निखाऱ्यातूनही येतो.

निखाऱ्याचा रंग पाहून तापमान सांगता येते. अंधारात मंद तांबूस दिसू लागला की सुमारे ५२५ अंश. कोणताही तापलेला घन पदार्थ साधारण याच तापमानाला प्रकाशू लागतो, हे जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवले. चेरीसारखा लाल म्हणजे साडेसातशे-आठशे, नारिंगी म्हणजे हजाराच्या जवळपास. लोहार आजही याच विद्येवर जगतो. निखाऱ्यांच्या ढिगात आत जी हवा शिरते तिच्यातला ऑक्सिजन अपुरा पडतो, आणि कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ढिगाच्या वर कधी कधी जी सुंदर निळी ज्योत नाचते, ती हाच वायू जळत असल्याची खूण. ती ज्योत दिसते तोवर वायूचा काही भाग तरी जळून जातो आहे. पुढे निखाऱ्यांवर राख चढते, ज्योत विझते, शेगडी ‘निवत आली’ असे वाटते. आणि तेव्हाही राखेखालून वायू तासन्‌तास येतच राहतो, आता न जळता. म्हणून निवत चाललेली शेगडी उशाशी ठेवून झोपणे हे फुललेल्या शेगडीइतकेच घातक आहे. इथे तापमान उतरले म्हणजे धोका उतरला, हे गणित साफ चुकते.

वायूला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा किंचित हलका असल्यामुळे तो खाली बसत नाही की वर जमत नाही, खोलीभर पसरतो. पलंगावर झोपा की सतरंजीवर, फरक नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.

किती वायू पुरतो, याचा साधा हिशेब करून पाहू. १० फूट बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली. हवा सुमारे ३४ घनमीटर. किलोभर लोणारी कोळशातला फक्त शंभरावा हिस्सा कार्बन या वायूच्या रूपाने बाहेर आला, तरी तो २० ग्रॅम भरतो. खिडक्या बंद असतील तर दर घनमीटर हवेत जवळजवळ ६०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा मिनिटांपुरती घालून दिलेली मर्यादा १०० मिलिग्रॅमची आहे. आणि शेगडीत शंभरावाच हिस्सा असा जाईल, ही आशा फार उदार झाली.

१४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीतून एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. खेडा कलां भागात पती-पत्नी आणि त्यांची दोन लहान मुले, आणि इंद्रपुरीत दोन माणसे, शेगडी जवळ ठेवून बंद खोलीत झोपलेली ती उठलीच नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथील हॉटेलात केरळचे आठ पर्यटक एका खोलीत दगावले. त्यांत चार मुले होती, आणि तिथे लाकूड-कोळसा नव्हे, गॅसचा हीटर होता. आपल्याकडच्या गॅस गिझरचे न्हाणीघरातले अपघात याच जातीचे. इंधन कोणतेही असो. विस्तव आत आणि हवा बंद, एवढे दोन योग जुळले की पुरे.

बाळंतिणीची खोली

या विषयात सर्वांत अवघड जागा हीच. बाळंतिणीला शेक, बाळाला ओव्या-वावडिंगाची धुरी, बाजेखाली किंवा बाजूला शेगडी, आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद. प्रत्येक गोष्टीमागे माया आहे. पण आई आणि बाळ याच खोलीत दिवसाचे चोवीस तास असतात. बाकीची माणसे आत-बाहेर करतात, त्यामुळे त्यांचे डोके दुखले तरी बाहेर गेल्यावर उतरते. बाळंतिणीला ग्लानी आली तर ‘थकली आहे’ आणि बाळ दूध ओढेना तर ‘झोपाळू आहे’ असे म्हटले जाते. गर्भारपणात तर आणखी जपायला हवे, कारण हा वायू आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोचतो आणि तिथून हळूहळू निघतो.

मग बाळाला ऊब कशी द्यायची? बाळाला नुसत्या लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरूण घालणे हा उपाय १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथल्या रुग्णालयात, इन्क्युबेटर पुरेनात म्हणून सुरू झाला. आज जगभरची रुग्णालये कमी वजनाच्या बाळांसाठी तो वापरतात. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. कातडीला कातडी लागली की आईच्या अंगाचे ३७ अंश बाळाला आपसूक मिळतात, ना जास्त, ना कमी. टोपडे, पायमोजे, दुपटे आहेतच. आजींना शेक द्यायचाच असेल, तर शेगडी दाराबाहेर ठेवून कापड तिच्यावर गरम करावे, गालाला लावून पाहावे आणि मग आत न्यावे. आजीचा हात तोच, माया तीच. फक्त विस्तव उंबऱ्याबाहेर.

मोठ्यांच्या खोलीसाठी भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर आणावा. १८ अंश हे घरातल्या तापमानाचे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले किमान प्रमाण. बऱ्याचदा असे दिसते की काटा सोळा-सतरावर आहे आणि आपण उगाच शेगडीची तयारी करतो आहोत. एक रजई पुरली असती. शेगडी आत आणलीच, तर माणसे जागी असताना, समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटे उघड्या ठेवून. आणि अंथरुणे घालण्याआधी ती घराबाहेर. ‘पाच मिनिटे पडतो, मग ठेवतो बाहेर’ असे म्हणणाऱ्याच्या हातून ते काम काढून घ्यावे.

डोके सगळ्यांचे एकदम दुखले तर

डोके जड होणे, मळमळ, चक्कर, झोपेची गुंगी. लक्षणे सर्दी-तापासारखी किंवा पित्तासारखी. फरक एवढाच, की घरातल्या सगळ्यांना एकदम होते आणि अंगणात गेल्यावर बरे वाटते. ताप नसतो. असे झाले की आधी सगळ्यांनी बाहेर यावे, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. कोणी बेशुद्ध असेल तर त्याला ओढून मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्यावा. कांदा हुंगवणे, लिंबू पाजणे यात वेळ घालवू नये. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघायला चार-पाच तास लागतात, मुखवट्याने शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा-दीड तास. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नये. आणि डॉक्टरांना शेगडीचा उल्लेख आवर्जून करावा, तो आपण केला नाही तर त्यांना सुचेलच असे नाही.

साथीच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे धोका देतो, हे पुष्कळांना माहीत नसते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही लालच असते, आणि यंत्र त्याला ऑक्सिजनचेच समजून ९७-९८ दाखवत राहते. आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

ज्यांच्या घरी थंडीभर विस्तव किंवा गॅस गिझर चालतो, त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा बसवावा. धुराचा भोंगा वेगळा. त्याला हा वायू कळत नाही. युरोपीय प्रमाणाचा चांगला भोंगा हवेत दहा लाखांत ५० भाग वायू असेल तर तासा-दीड तासात वाजतो आणि ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत. तो झोपायच्या खोलीत असावा. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावा आणि डब्यावर छापलेली मुदत संपली की बदलावा. भोंगा आहे म्हणून शेगडी आत ठेवून झोपायला मात्र हरकत आहे.

राहता राहिली राख. जाळीखालची राख सकाळी उपसून प्लास्टिकच्या बादलीत किंवा कागदात भरण्याची सवय आगीला आमंत्रण देते, कारण राखेच्या पांघरुणाखाली निखारा दिवसभर जिवंत राहू शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यावा, तो घराबाहेर, भिंतीपासून दूर, दगडावर किंवा विटेवर ठेवावा, आणि एक पूर्ण दिवस हलवू नये. मग ती राख भांड्यांना चालते, आणि ज्यांच्या परसात अजून केळ उभी आहे त्यांच्या केळीच्या बुंध्यालाही.